माझा देव, तिची लेक

(बुलढाणा येथे झालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक ताईंनी मला विषय दिला तो जरा चाचरतच. म्हणाल्या, ‘तू ख्रिस्ती आहेस, देव मानतेस. धोक्याच्या कामाला निघताना देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, यावर बोलशील का?’ त्या का चाचरल्या ते मला समजलं. आपल्यात वारीला जाणाऱ्या आहेत, विहारात जाणाऱ्या आहेत, रोजे धरणाऱ्या आहेत आणि देव-बिव काही नाही म्हणणाऱ्याही आहेत. मी इथे कुणाला माझा देव द्यायला उभी नाही. पण रात्री-अपरात्री फोन आला की आपण सगळ्याच निघतो. निघताना कुणी देवाचं नाव घेते, कुणी बाबासाहेबांचं, कुणी सावित्रीबाईंचं, तर कुणी नुसतीच पदर खोचते. म्हणजे प्रश्न सगळ्यांचा आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. स्वतःचा धोका आपण देवावर सोपवू शकतो. दुसरीचा धोका परस्पर देवावर सोपवायचा अधिकार आपल्याला नाही. हे मला प्रवचनातून कळलं नाही आणि एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गातही कळलं नाही. एका आईने एस.टी.च्या थांब्यावर विचारलेल्या प्रश्नातून कळलं. ती हकीकत आधी सांगते.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका संस्थेत कामाला होते. घाटावरच्या एका गावात माझं जाणं-येणं असे. तिथली एक सोळा वर्षांची मुलगी, दहावीची परीक्षा दिलेली. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. ऊसतोडीचं तुम्हाला माहीतच आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडी फडावर गेली की वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर घरी ठेवायची, हा घोर आईबापांना असतो. म्हणून पोरीचं लग्न उरकून टाकतात. नवी जोडी झाली की एक कोयता वाढतो, उचल वाढते. या मुलीचं लग्न अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे ठरलं होतं. अंगणवाडीच्या मागच्या बाजूला तिने माझ्या हातात चिठ्ठी दिली. शिकायचं आहे, लग्न थांबवा, एवढंच लिहिलेलं. चिठ्ठी देताना तिची आई दहा पावलांवर उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. नवऱ्यापुढे, दिरांपुढे तोंड उघडायची तिची प्राज्ञा नव्हती, म्हणून तिने लेकीला माझ्याकडे धाडलं होतं.

मी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘घाबरू नकोस, देव आहे. मी परवा येते.’

आणि शेवटच्या एस.टी.ने परत आले. त्या रात्री मी मनापासून प्रार्थना केली, हे खरं आहे. पण दुसरं काय केलं? ग्रामसेवकाला कळवलं नाही, बातमी फुटेल म्हणून. १०९८ वर फोन केला नाही, आपणच निभावून नेऊ म्हणून. बालकल्याण समितीला कळवलं नाही. संस्थेत वरिष्ठांना सांगितलं, ते म्हणाले, ‘जा, देव तुझ्याबरोबर आहे.’ गाडी दिली नाही, सोबत माणूस दिलं नाही. मीही मागितलं नाही. मागणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं मला वाटायचं.

परवा मी एकटी गेले. मुलगी घरात नव्हती. चिठ्ठीची कुणकुण लागली होती. तिला मारहाण झाली होती आणि आदल्या संध्याकाळी मामाच्या गावी नेऊन लग्न लावून टाकलं होतं. मी जाब विचारायला लागले तशी चार पोरं जमली, दगड आले. एक कपाळावर बसला. रुमाल दाबून धरत मी फाट्यावर येऊन उभी राहिले. मागून तिची आई आली. रडत नव्हती. म्हणाली, ‘बाई, तू तं चालली. तुहा देव तुले पाहीन. माह्या पोरीले कोन पाहीन?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी आली, मी बसले.

पुढचं ऐका. कपाळाला चार टाके पडले. रविवारी उपासनेत माझ्यासाठी उपकारस्तुती झाली, देवाने तिला वाचवलं म्हणून. संस्थेने कार्यक्रमात शाल-नारळ दिला. धाडसाचं कौतुक झालं. त्या सगळ्या भाषणांत त्या मुलीचा उल्लेख एकदाही आला नाही. मला चार टाके पडले म्हणून मी शूर. तिचं सगळं आयुष्यच उलटंपालटं झालं, ती कुणाच्या हिशेबातच नव्हती. मलाही ते तेव्हा खटकलं नाही. शाल घरी नेऊन घडी करून ठेवली. कपाटात ती दिसली की त्या आईचा प्रश्न आठवायला लागला, तेव्हा कुठे उमगलं.

हा प्रश्न आपल्या आधीच्या बायकांना पडला होता का, हे शोधायला मी मागे गेले. बुलढाण्यात मागे जायचं म्हटलं की ताराबाई शिंद्यांचं घर लागतंच. १८८२ साली त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं गेलं. वडील इथल्या सरकारी कचेरीत नोकरीला, आणि लेकीने या गावात बसून पुरुषी ढोंगाचा असा समाचार घेतला की पुढे तिने लेखणी उचललेली दिसतच नाही. त्याच १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय चोवीस. आईबाप आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत गेलेले, भाऊ गेलेला, नवरा पटकीने गेलेला, कडेवर मनोरमा. त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्री धर्म नीति’ लिहिलं. एक बुलढाण्याची आणि एक पुण्याला आलेली, अशा या दोघी बायकांनी एकाच वर्षी मराठीत पुस्तकं लिहिली. त्यांची वाट मात्र वेगळी झाली. ताराबाई हिंदू राहूनच शास्त्रांना जाब विचारत्या झाल्या. रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली ख्रिस्ती झाल्या.

ख्रिस्ती झाल्यावर जवळपास सगळा महाराष्ट्र त्यांच्या विरुद्ध गेला. तरी त्यांनी मार्च १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना शिकवायचं, पायावर उभं करायचं. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं होतं आणि सदनात धर्मप्रसार करायचा नाही असं ठरलं होतं. १८९३ साली वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. त्यातल्या काही ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या गेल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळातली माणसं बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या.

मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे ही गोष्ट नेहमी एकाच बाजूने सांगतात: रमाबाई डगमगल्या नाहीत, देवाने सदन राखलं. ते खरंच आहे. पण आज मी त्या परत नेलेल्या मुलींचाही विचार करते. त्या कुठे गेल्या? कुणी पुन्हा माजघरात, कुणी पुन्हा केशवपनाला. रमाबाईंचा भरवसा रमाबाईंना पुरला. पण सदनाबद्दल संशय आला त्याची किंमत त्या मुलींनीही मोजली. सगळा दोष रमाबाईंना देता येणार नाही. ज्यांनी मुली काढून नेल्या त्यांनी त्यांच्यासाठी दुसरं काय उभं केलं होतं, हेही विचारायला हवं. तरी जिला आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिच्या बाबतीत आपलं दार किती उघडं ठेवायचं, हा प्रश्न राहतोच.

आता त्यांची दुसरी बाजू सांगते, कारण मला ती जास्त शिकवून गेली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. अन्नछत्रांच्या आणि दुष्काळी कामांच्या आसपास भुकेल्या पोरी हेरणारे दलाल फिरत होते, हे त्यांनी पाहिलं. आपण स्वतः मुलीच्या वयात उपाशी वणवण केली होती, ती आठवण होतीच. अमेरिकेचा पैसा सदनातल्या उच्चवर्णीय विधवांसाठी होता, या दुष्काळी मुलींसाठी कुणाचाही शब्द नव्हता. पैशाची सोय नसताना, देव देईल म्हणत त्यांनी काही शे मुली-बायका आणल्या. माणसाकडे हात न पसरता देवाच्या भरवशावर अनाथालय चालवणारे ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर त्यांना आदर्श वाटत.

हा देवावरचा भरवसा झाला. पण त्याच्या खालचं बांधकाम बघा. केडगावला, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. फळझाडं लावली होती, विहिरी खणल्या होत्या. पुण्यात प्लेग आला आणि नव्या मुली शहरात ठेवणं अशक्य झालं, तेव्हा ती जमीन कामी आली. १८९८मध्ये तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. पुढच्या, १८९९-१९००च्या दुष्काळात आपला वऱ्हाडही होरपळला. गुजरातेतून शेकडो मुली मुक्तीत आल्या. त्या काळात तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. शेती, दूध-दुभतं, तेलघाणा, माग, छापखाना सगळं बायकांच्या हाती. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. ‘देव पाणी देईल’ असं म्हणणाऱ्या या बाईने विहीर खणायचं टाळलं नाही. तिला दोन्हींत विरोध दिसला नाही. मी मात्र त्या गावी जाताना एक फोनसुद्धा केला नव्हता आणि त्यालाच श्रद्धा म्हणत होते.

तरीही रमाबाईंच्या हातून मुलगी सुटलीच. १८९७च्या प्लेगात त्यांच्याकडची एक मुलगी पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात पाठवावी लागली. ती परत आली नाही. तिथल्या एका पहारेकऱ्याने तिला आपल्याकडे ठेवून घेतल्याचं रमाबाईंना कळलं. अशा वेळी काय करतात, हे आपल्याला माहीत आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसतात. धार्मिक संस्था असेल तर देवाची इच्छा म्हणतात. सरकारची मर्जी हवी असते म्हणूनही गप्प बसतात, आणि राज्य तर ख्रिस्ती म्हणवणाऱ्या इंग्रजांचं होतं. रमाबाईंनी मे १८९७मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात नाव देऊन पत्र लिहिलं. रुग्णालयात बायकांची अब्रू सुरक्षित नाही, आपली मुलगी अशी गेली, हे जाहीर सांगितलं. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. पण रमाबाईंनी त्या मुलीच्या वाट्याला आलेलं देवाच्या नावावर खपवलं नाही. मुक्तीबद्दल पुष्कळ चमत्कार सांगितले जातात. माझी श्रद्धा त्या पत्राने जास्त घट्ट झाली.

याच्या अगदी जवळची गोष्ट बायबलमध्ये आहे, ती माझ्या शब्दांत सांगते. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, देवदूत तुला झेलतील. येशू उडी मारत नाही. देवाची अशी परीक्षा बघायची नसते म्हणतो. आम्ही हा उतारा अहंकाराबद्दल आहे म्हणून शिकलो. मला आता वाटतं, तो कार्यकर्त्यांसाठी आहे. आपण शिखरावरून उडी मारतो तेव्हा आपल्या कडेवर दुसऱ्या कुणाची तरी लेक असते.

आता जरा आपल्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात अलायन्स मिशनचं काम सुरू झालं. अकोल्याला जेनी फुलर होत्या. हिंदी स्त्रियांवरच्या अन्यायाविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक १९०० साली निघालं, त्याला प्रस्तावना रमाबाईंची. फुलरबाईंचं नाव राहिलं. पण अशा मिशनांच्या कामात गावोगाव पायी फिरायच्या त्या इथल्याच बायका, बायबल-स्त्रिया म्हणायचे त्यांना. बऱ्याचशा विधवा, टाकलेल्या. काखेत पिशवी, पायात धड वहाण नाही, तुटपुंजा पगार. कुणी घरात घेई, कुणी अंगावर कुत्रं सोडी. बऱ्याच जणींची पुरती नावंही अहवालांत नाहीत. त्यांच्या कामाला ‘सेवा’ म्हणत. सेवा म्हटलं की पगाराची बोलणी करता येत नाहीत आणि धोक्याचीही करता येत नाहीत. धर्म सोडून द्या, आज आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत दुसरं काय चाललंय? त्यांना पगार नाही, मानधन. बाळंतिणीला घेऊन रात्री बारा वाजता निघणारी आशा कशी परत येते, हे कोण विचारतं? देवाच्या नावाने असो की सरकारच्या, ‘सेवा’ म्हणून बाईकडून फुकटात धोका पत्करून घ्यायची ही रीत जुनी आहे.

धोका काय असतो याची दोन उदाहरणं देते.

पहिलं शेजारचं. आपल्या जिल्ह्याला बऱ्हाणपूर लागून आहे. तिथून पुढे गेलं की देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे राणी मारिया नावाच्या केरळच्या सिस्टर भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत. बचत करा, सावकाराच्या दारात जाऊ नका, कागद वाचायला शिका, एवढंच सांगणं. ते ज्यांच्या पोटावर आलं त्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात, प्रवाशांच्या देखत भोसकून त्यांचा खून करवला. पुढे त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, त्याला पश्चात्ताप झाला. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना चर्चने धन्य म्हणून जाहीर केलं. मला त्यांच्याविषयी अतोनात आदर आहे. त्यांनी आपला धोका ओळखून पत्करला होता आणि क्षमा केली तीही ज्यांचं माणूस गेलं त्यांनी. पण तसबिरीला हार घालून आपण मोकळ्या झालो, तर त्या बसमधल्या प्रवाशांत आणि आपल्यात काय फरक?

दुसरं राजस्थानातलं. भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. वरून आदेश होता, बालविवाह थांबवा. त्यांनी गावातल्या वजनदार घरातलं एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायला पाहिलं. सप्टेंबर १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्कारातून सोडून दिलं. पण देशभरच्या बायकांनी प्रश्न धरून ठेवला: तिला या कामावर पाठवलं कोणी? मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? त्यातून १९९७चा विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. कामानिमित्त आपण जिथे जातो ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा त्या कायद्यात कामाचं ठिकाण धरलं आहे. तो ट्रस्टला, सामाजिक संस्थेला लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मिशनच्या संस्थांना यातून सूट नाही. ‘देव तुझ्याबरोबर आहे’ म्हणून कार्यकर्तीला एकटी धाडणारे वरिष्ठ कायद्याने मोकळे होत नाहीत. माझ्या मते देवापुढेही होत नाहीत.

तर मग करायचं काय? धोक्याचं काम सोडायचं का? मुळीच नाही. मी त्या प्रसंगानंतर चार गोष्टी शिकले, त्या सांगते.

पहिली, जिच्यासाठी आपण निघालो तिला आधी विचारायचं. तुझ्या मते काय होईल? मारतील का? कुठे नेतील? तिला गाव आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी त्या मुलीला विचारलं असतं, तर तिने मामाचं गाव आधीच सांगितलं असतं.

दुसरी, गुप्तता आणि एकटेपणा एक नव्हे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा आहे. आपल्याकडे गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. ग्रामसेवक गावच्या दबावाखाली असेल तर १०९८ आहे, पोलिसांचं ११२ आहे. न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मिळवता येतो. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. मुलीला घरातून काढावं लागलं तर चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. म्हणजे ती रात्र कुठे काढणार, हे आधी ठरलेलं हवं.

तिसरी, ‘परवा येते’ म्हणायचं नाही. एकतर थांबायचं, नाहीतर गावातली एखादी बाई तिच्याजवळ ठेवूनच निघायचं. आपण पाठ फिरवल्यानंतरचे दोन दिवस सगळ्यांत वाईट असतात.

चौथी, हरल्यावरही सोडायचं नाही. लग्न लागून गेलं म्हणजे संपलं, असं आपण धरून चालतो. बालपणी लग्न झालेली मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, जिल्हा न्यायालयात जाऊन ते रद्द करून मागू शकते. पोटगीचा, राहण्याच्या जागेचा हुकूम होऊ शकतो. मला हे तेव्हा पुस्तकातून माहीत होतं. पण दगड लागल्यावर त्या कुटुंबाकडे मी फिरकलेच नाही. मला भीती वाटली आणि लाजही वाटली.

ती मुलगी पुढे मला भेटली. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. त्या गर्दीत कडेवर एक, हाताशी एक अशी ती उभी होती. तिनेच मला ओळखलं. तेव्हा ती एकवीस वर्षांची झाली होती, म्हणजे ती दोन वर्षं निघून गेली होती. मी काहीबाही बोलायला लागले. ती शांतपणे म्हणाली, ‘ताई, तुम्ही परवा येते म्हनल्या होत्या.’ रागाने नाही म्हणाली. सांगून टाकावं तसं म्हणाली. मग तिने मला विचारलं, बाहेरून बसून बारावी करता येते का. ते काम आम्ही दोघींनी मिळून केलं. तिच्या आईचा नंबरही तिनेच दिला. त्या गावातून आज बालविवाहाची खबर येते ती बहुतेक वेळा त्या आईकडून. मी निघायच्या आधी ती पहिला प्रश्न करते, ‘कोनाकोनाले सांगतलं?’ सांगितल्याशिवाय ती मला येऊ देत नाही.

मला कुणी विचारतं, एवढी सगळी तजवीज करायची तर देव कशाला हवा? मी सांगते, तजवीज करूनही फाटा ओलांडून गावात शिरताना पोटात गोळा येतो, तेव्हा मला तो हवा असतो. सगळं नीट करूनही मुलगी हातातून जाते, त्या रात्री हवा असतो. रमाबाईंची मनोरमा आईच्या आधी १९२१मध्ये गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या बायबलच्या भाषांतराचं काम करत होत्या. तसला भरवसा माझ्यात आला तर मला हवाच आहे. पण तो माझ्या जिवापुरता. त्या आईच्या लेकीसाठी मला फोन नंबर हवेत, जीप हवी, एक सोबतीण हवी, कायद्याचा कागद हवा. ते आणणं हेच माझ्या देवाने माझ्यावर सोपवलेलं काम आहे, असं मी समजते. तुम्ही देव मानत नसाल, तर तेच वाक्य देव वगळून म्हणा, काम तेच राहतं.

म्हणून शेवटी एक मागणं. जेवणानंतर आपण तालुकावार बसणार आहोत. इतर विषय घेण्याआधी प्रत्येक तालुक्याने एक कागद करावा. रात्री फोन आला तर कोण निघेल, तिच्याबरोबर दुसरी कोण जाईल, गाडी कुणाची, मुलीला रात्री कुठे ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या गावात कोण थांबेल. नावं आणि नंबर, एवढंच. संध्याकाळपर्यंत मेहकर, लोणार, चिखली, देऊळगावराजा, सिंदखेडराजा आणि घाटाखालच्या सगळ्या तालुक्यांचे कागद माझ्याकडे यावेत. ज्या तालुक्यात दुसरं नाव मिळणार नाही, तिथल्या मैत्रिणीने तसं स्पष्ट लिहावं. लाजू नये. ते नाव आपण सगळ्या मिळून शोधू.